आठ नंबरची लिंबूटिंबू

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याची आठवण लोकांना लिफ्ट बंद पडली की मगच होते. या गृहस्थाची गोष्ट जरा वेगळी होती. आठवडाभर तेलकट कपड्यांत यंत्रांशी झटापट करणारा हा माणूस रविवारी सकाळी गळ्यात शिट्टी अडकवून दहा वर्षांखालच्या मुलांचा ‘सर’ व्हायचा. फुटबॉल त्याला फार येत होता अशातला भाग नाही. वासरांत लंगडी गाय शहाणी, इतकंच. पण मुलांवर ओरडत नसे, पाण्याच्या बाटल्या स्वतः भरून आणी, नाड्या बांधून देई. एकच खोड होती. हरणं त्याला सोसत नसे.

संघात मुलं आठ, मैदानात उतरायची सात. म्हणजे एकाने बसायचं. आळीपाळीने बसवा, असा क्लबचा साधा नियम होता. पण सरांची स्वतःची मुलगी भिंगरी अख्खा सामना खेळे, कारण ती गोल करी. बाकीचे सहा खेळत, कारण ते भिंगरीला बॉल देत. उरली आठ नंबरची, औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या बाईंची लेक. ती सावकाश पळे आणि बॉल आला की आधी त्यालाच वाट देई. मग दर रविवारी तीच बसे.

एकदा तिच्या आईने त्याला गाठलंच. “सर, हिचा टी-शर्ट जसा धुऊन देते तसाच परत येतो. एकदा तरी मळू द्या की!”

तो ओशाळला. मुलांकडे वळून हसत म्हणाला, “ऐका रे. आजपासून ही आपली लिंबूटिंबू. हिला कुणी ओरडायचं नाही, हिची चूक धरायची नाही. काय?”

“हो सर!” मुलं एका सुरात म्हणाली. लिंबूटिंबू म्हणजे काय, हे मुलांना शिकवावं लागत नाही. ती खेळते, पण ती बाद होत नाही आणि तिच्यावर राज्य येत नाही. ती धरायचीच नसते.

शेवटची पाच मिनिटं उरली तेव्हा त्याने तिला आत पाठवलं आणि गडबडीत कुणाला बाहेर बोलवायचंच राहिलं. मग लक्षात आलं. मैदानात आठ जण! पंचही तेवढ्यात मोजायला लागला. हा पंच एरवी सुतार, मापाला पक्का. बोट नाचवत त्याने मोजलं आणि म्हणाला, “सात. चालू द्या.”

पुढच्या रविवारी त्याने तिला मुद्दामच पहिल्या मिनिटापासून उतरवलं. पंचाने सातच मोजले. समोरच्या संघातलं कुणी तिच्याकडे फिरकलंही नाही. आई खूश, भिंगरीचा खेळ पूर्ण, बाक रिकामं. साप मेला आणि काठीही वाचली. त्या दिवशी स्वारी शीळ घालत घरी गेली. मग संघ ओळीने चार सामने जिंकला आणि अंतिम फेरीत पोचला.

त्याच आठवड्यात, गुरुवारी दुपारी, त्याला आठ नंबर राहत होती त्याच इमारतीत काम निघालं. त्याने लिफ्टच्या दाराचा सेन्सर बदलला. हात घालून पाहिला, रुमाल घालून पाहिला. दार दर वेळी निमूट मागे गेलं. इतक्यात ती शाळेतून आली आणि दारातच वाकून नाडी बांधू लागली. दार मिटायला लागलं. थांबलं नाही. त्याने तिला दंडाला धरून आत खेचलं, तेव्हा दाराच्या कडा तिच्या दप्तराला टेकल्या होत्या.

त्याने दार अडवून ठेवलं, स्वतः बाहेर उभा राहिला आणि आतल्या वजनाचा आकडा पाहिला. शून्य. माणसं थापा मारतात, पण तो काटा त्याने तासाभरापूर्वीच स्वतः लावला होता.

“घाबरू नका सर,” ती म्हणाली. “परवा शाळेच्या बसनं पण मला मागेच सोडलं. बाईंनी मोजलं, तर सगळी मुलं भरली म्हणे.”

तो तिचा हात धरून जिन्याने वर गेला. दार तिच्या आईने उघडलं.

“झाली का लिफ्ट? बरं झालं. आमची येईलच आता शाळेतून.”

“आई,” ती म्हणाली. बाई तिच्या डोक्यावरून जिन्याकडे बघत राहिल्या.

“थोड्या वेळानं दिसते मी,” ती त्याला हळूच म्हणाली. “सोमवारी पटकन दिसले होते. आता जरा उशीर लागतो.”

हसत हसत बोललेला आपलाच एक शब्द पोरीला गिळत चालला आहे, हे त्याला कळलं. शनिवारी सरावाला त्याने मुलांना बजावलं, “ही लिंबूटिंबू नाही, बरं का!” मुलांनी इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, “कोण, सर?”

अंतिम सामन्याला त्याने एकाला बसवलं आणि तिला सातवी म्हणून उतरवलं. “सहाच आहेत,” पंच म्हणाला. “एक पाठवा.” बसवलेला परत पाठवावा लागला.

एक-एक अशी बरोबरी होती. आपल्याच गोलपुढे बॉल उसळला आणि आठ नंबरच्या दंडावर आदळला. सगळ्यांच्या देखत. कुणी हूं की चूं केलं नाही. चूक धरायची नाही, असं त्यानेच सांगून ठेवलं होतं.

तो धावत मैदानात घुसला. “हँड! पंच, हँडबॉल! आमच्या आठ नंबरचा!”

“कोण आठ नंबर?”

“ही! हिची चूक झालीये हो, धरा!” त्याचा आवाज चिरकला.

पंचाने डोळे बारीक केले. बराच वेळ बघितलं. मग शिट्टी वाजली. पेनल्टी. गोल.

“तुझ्यामुळे!” भिंगरी तिच्या अंगावर ओरडली. “तुझ्यामुळे गेला!” बाकीचेही तुटून पडले. ती भोकाड पसरून रडायला लागली. आणि तिची आई मैदानाच्या कडेवरून निघाली ती कुठेही न शोधता थेट तिच्याकडे आली, “अगं बाळा, रडू नको” म्हणत. लिफ्टवाल्याला इतका आनंद झाला की आपण हरतोय हेही त्याला आठवलं नाही.

पंचाचं बोट पुन्हा फिरलं. “अहो, आठ आहेत तुमचे! एक बाहेर काढा.”

आठही मुलं त्याच्याकडे बघत होती. एका गोलने मागे, अकरा मिनिटं शिल्लक. त्याने भिंगरीला हाक मारली.

ती आली, बाकाच्या टोकाला बसली. मग म्हणाली, “बाबा, आता मी लिंबूटिंबू का?”

“नाही!” तो केवढ्याने तरी ओरडला. लोक वळून बघायला लागले. “नाही गं. तू नुसती बसलीयस. पाच मिनिटं. मग दुसरं कुणी बसेल.”

त्याने तिचं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत राहिला. सामन्याकडे त्याने मान वर करून पाहिलं नाही. पाच मिनिटांनी ती उठली, तेव्हा तिच्या मनगटावर त्याच्या बोटांचे वळ होते.