मावशींचा काढा आणि माझं सोंग

वैशाखातला पहिला रविवार. मी गॅलरीत मिरच्या वाळत घालत होते. आमच्या परळच्या चाळीत कुठल्या बाईची पाळी कधी, हे देवाच्या खालोखाल फक्त समोरच्या मावशींना ठाऊक असे. त्या काळी बायका तीन दिवस बाजूला बसत, म्हणजे लपवायची सोयच नव्हती. मावशी येता-जाता कोपऱ्यांकडे नजर टाकत आणि कोण बसली, कोण बसायची राहिली, हे तोंडपाठ ठेवत. त्यांच्याकडे औषध एकच, ओवा, सुंठ, जुना गूळ आणि गाजराचं बी घातलेला काढा. मोर्च्यात लाठी खाऊन आलेल्यांना तोच, बाळंतिणीला तोच. एकदा गिरणीतल्या जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, पोपटालाही पाजला. पोपट जगला, तेव्हापासून मावशी कोणाचं ऐकेनात.

मीही तो प्याले होते. मुंबईसह महाराष्ट्रासाठी शहर पेटलेलं, संचारबंदी, गिरण्या बंद, पुरुषमाणसं दिवसरात्र घरात. व्हायचं ते झालं. सकाळी मी मावशींचं दार वाजवलं. त्यांनी काही न विचारता पातेलं चढवलं. अशा काढ्याने दिवस राहायचे थांबत नाहीत, हे आज मला कळतं. तेव्हा दुसरं होतं काय? धाकट्याच्या वेळी मी मरता मरता वाचले होते, आणि थोरलीचं लग्न ठरलेलं. तारीख उलटली. पुढचीही उलटली. चाळिशी ओलांडलेली, म्हणजे पाळी जायची वेळ आली की दिवस गेले, तेही कळेना. रोज मोरीत जाऊन बघायचं आणि तसंच परत यायचं.

त्या रविवारी मावशी भर गॅलरीत म्हणाल्या, "काय गो, तू ह्या महिन्यात पण भायर बसलंस नाय?"

चार बायकांचे हात थांबले. मी म्हटलं, "आत्ताच बसतेय." मिरच्या तिथंच टाकल्या आणि आत कोपऱ्यात जाऊन बसले. काही झालेलं नसताना. नवऱ्याने करपलेलं पिठलं वाढलं, ते गिळलं. दुसऱ्या दिवशी मावशी भाकरी घेऊन आल्या. शिवाशिवीत कडक बाई, वरून टाकतील म्हणून मी हात पसरले, तर त्यांनी ती माझ्या हातात ठेवली आणि हात तसाच धरून राहिल्या.

"खा. सोंग करूक पण ताकद लागता."

चौथ्या दिवशी न्हाऊन मी मोकळी झाले आणि त्याच दुपारी खरीच पाळी आली. मोरीत भिंतीला टेकून थोडा वेळ उभी राहिले. मग भान आलं, दुसऱ्या दिवशी चाळीचं कैरीचं लोणचं होतं, आणि अशा बाईचा हात लागला की बरणी नासते, हा मावशींचाच कायदा. मी जाऊन त्यांच्या कानात सांगितलं. त्यांनी डोळे मिटले, देवाला हात जोडले.

"गप ऱ्हव. परत बसलंस तर चाळ इचारतली. उद्या लोणच्याक ये."

"आणि नासलं तर?"

"सांगान, कैरी कवळी होती."

मावशी जाऊनही आता खूप वर्षं झाली. ते लोणचं पुढच्या वैशाखापर्यंत टिकलं, ही गंमत मी त्यांच्याशिवाय कोणाशी बोलू शकले नाही, आणि नंतर बोलायला कोणी उरलं नाही. लोणच्याच्या दिवशी सकाळी मात्र मी नऊवारी घट्ट नेसले, विळी घेऊन त्यांच्या शेजारी बसले आणि टोपलीभर कैऱ्या फोडल्या.