लेबलं काढलेल्या बाटल्या

मढवी बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या प्रयोगशाळेच्या मोरीपाशी उभ्या राहून दाढीच्या ब्लेडने बाटल्यांवरची लेबलं खरवडत होत्या. डोंबिवलीतल्या त्या शाळेत मी त्याच दिवशी शिक्षण सेवक म्हणून रुजू झालो होतो आणि मुख्याध्यापकांनी मला ‘विज्ञानाच्या बाईंना भेटून या’ म्हणून खाली पाठवलं होतं. मला वाटलं, जुनी लेबलं काढून नवी लावायची असतील. तसं विचारलंही. बाईंनी वर न बघता सांगितलं, "नवी कशाला? लेबल असलं की पोरं वाचतात, बघत नाहीत."

त्या बाटल्या घेऊन त्या आठवीच्या वर्गात जायच्या. मीठ, पिठीसाखर, खाण्याचा सोडा, खडूची पूड, तुरटी, गंधक, लोहकीस आणि या सगळ्यांतल्या कशात तरी दुसरं काही मिसळलेली एक लबाड बाटली. मूलद्रव्य कुठलं, संयुग कुठलं, मिश्रण कुठलं, हे पोरांनी पाणी, भिंग, चुंबक आणि मेणबत्ती एवढ्यावर ओळखायचं. चाखायला बंदी. "जीभ घरी ठेवून यायची," असं त्या पहिल्याच तासाला बजावायच्या. कुणी घाईने ‘बाई, संयुग!’ असं ओरडलं की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "काय दिसलं ते आधी सांग. त्याला काय म्हणतात ते मागाहून."

त्यांची आणखी एक रीत होती, तिच्यावरून दरवर्षी तक्रारी यायच्या. चाचणीत ‘मला माहीत नाही’ असं लिहिणाऱ्याला त्या अर्धा गुण द्यायच्या आणि गाइडमधलं वाक्य जसंच्या तसं उतरवणाऱ्याला शून्य. एकदा एक बाप गाइड घेऊनच भांडायला आला. बाईंनी त्याला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "अहो, हे उत्तर बरोबरच आहे. पण ते ज्यानं लिहिलं त्याला मार्क द्यायला तो माझ्या वर्गात नाही ना." बाप गेला तो थेट मुख्याध्यापकांकडे. मी दाराआड उभा राहून हसलो होतो. तेव्हा मी बाईंच्या बाजूचा होतो, किंवा तसं मला वाटत होतं.

बाई कोलशेतच्या. खाडीवरच्या कोळीवाड्यातलं घर, बाप आणि भाऊ होडीवर. खाडीत मासे उरले नाहीत तेव्हा भावाने होडी ओढून काठावर ठेवली आणि समोर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये वॉचमनची नोकरी धरली. हे त्या सहज सांगायच्या, कीव मागायला नव्हे. शिक्षकांच्या खोलीत मात्र त्यांच्या डब्याची थट्टा ठरलेली. सुकट असली की कुणीतरी नाकाला रुमाल लावून विचारायचं, "काय बाई, आज भौतिक बदल की रासायनिक?" बाई शांतपणे घास गिळायच्या. "सुकवला तो भौतिक. कुजला तर रासायनिक. वासावरून ठरवू नका, सर, वास तुम्हाला दोन्हीचा येणार." सगळे हसायचे. मीही हसायचो. त्या थट्टेत नुसता मासा नव्हता, हे मला कळत होतं, पण नव्या माणसाने मूग गिळून बसावं, एवढं शहाणपण मी येतानाच घेऊन आलो होतो.

शिकवण्यात त्या पुस्तकालाही भीक घालत नसत. भौतिक बदल उलटवता येतो, रासायनिक बदल उलटवता येत नाही, हे वाक्य पिढ्यान् पिढ्या पोरांनी घोकलंय. मीही घोकलं आणि घोकवलं. बाई परीक्षानळीत मोरचूद तापवायच्या. निळ्याचं पांढरं झालं की विचारायच्या, "कुठला बदल?" "रासायनिक!" वर्ग गर्जायचा. मग ती पूड गार करून त्यावर पाण्याचे चार थेंब टाकायच्या. निळा रंग परत यायचा. "आता गाइडला विचारा," असं म्हणून त्या पुसणं घेऊन फळा पुसायला वळायच्या. नंतर पुढचे दोन तास त्याच भांडणात जायचे. अभ्यासक्रम मागे पडायचा, आणि मुख्याध्यापकांच्या वहीत बाईंच्या नावापुढे आणखी एक लाल रेघ पडायची.

मी तिसऱ्या वर्षात असताना शाळेच्या संस्थेने प्रयोगशाळा एका खासगी क्लासला दिली. टेबलं काढली, मोरी बुजवली, एसी बसवला, भिंतीवर भलामोठा पडदा आला. आमच्या मुलांना आठवड्यातून एकदा तिथे बसवून प्रयोगांच्या चित्रफिती दाखवायच्या, असा करार होता. चित्रफितीत नळी फुटत नाही, ज्योत विझत नाही, प्रयोग कधी फसत नाही. बाई एकच तास बसल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "पडद्यावर गंधक जळलं नि एक पोर खोकलं नाही. मग जळलं कशावरून?"

दहावीच्या प्रात्यक्षिकाचे गुण शाळेच्या हातात असतात. प्रयोगवही पूर्ण हवी, प्रत्येक प्रयोगाखाली तारीख आणि शिक्षकाची सही हवी. त्या वर्षी एकही प्रयोग झाला नव्हता. पोरांनी मात्र वह्या गाइडवरून सुरेख उतरवल्या होत्या, आकृत्या रंगवल्या होत्या, पालकांनी कव्हरं घातली होती. फक्त सह्या राहिल्या होत्या. बाईंनी सही करायला नकार दिला. "जे झालंच नाही त्याच्याखाली माझं नाव कसं लिहू?" असं त्यांनी सगळ्यांसमोर मुख्याध्यापकांना विचारलं. वर म्हणाल्या, "मला महिना द्या. मी करून घेते."

आणि त्यांनी करायला घेतलं. शाळा सुटल्यावर मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीपाशी. दोन स्पिरिटचे दिवे, पदरचं गंधक, कोलशेतच्या एका लेथवाल्याकडून पिशवीत भरून आणलेला लोखंडाचा कीस. दहा-दहा पोरांचा गट. मी दोनतीनदा मदतीला उभा राहिलो. निरीक्षणं त्या पोरांना कच्च्या कागदावर पेन्सिलने लिहायला लावायच्या आणि खोडायला मनाई. लोहकीस आणि गंधक एकत्र करून चुंबक फिरवायचं, कीस निघून येतो, म्हणजे मिश्रण. मग तापवायचं, नवा काळा पदार्थ तयार होतो, त्याला चुंबक ओढत नाही, म्हणजे संयुग. पुस्तकात असं आहे. श्रावणी नावाच्या एका मुलीने मात्र लिहिलं होतं, ‘चुंबकाला चिकटत नाही. पण थोडं चिकटलं.’ तिने भीतभीत कागद पुढे केला. बाईंनी चष्मा वर सरकवून तो वाचला, स्वतः चुंबक फिरवून पाहिलं आणि कागदावर लिहिलं, ‘बरोबर. का?’

"बाई, चुकलं का माझं?" तिने विचारलं.

"अगं, तू नाही चुकलीस. सगळं तापलंच नाही, थोडं लोखंड तसंच राहिलं. पुस्तकवाल्याचं पूर्ण तापलं होतं, तुझं नाही. तू खरं लिहिलंस." त्यांना एवढं खूश झालेलं मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

निम्मे गट झाले असतील नसतील, एका शनिवारी मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. टेबलावर वह्यांचे ढीग होते. "सोमवारी वह्या तपासायला बोर्डाची माणसं येतायत. बाईंचं सत्याचं खूळ चाललंय, ते चालू दे. तुम्हीही विज्ञानाचेच ना?" मग जरा थांबून म्हणाले, "तुमचा कायम करण्याचा प्रस्ताव माझ्याकडेच आहे. बघतोय मी."

त्यांनी धमकी दिली नाही. देण्याची गरजच नव्हती. मी बसलो आणि सह्या करायला लागलो. या कामाचीही एक कला असते आणि ती आम्हा मास्तरांना कुणी शिकवावी लागत नाही. तीन वेगवेगळी पेनं घ्यायची, जूनच्या तारखा एका शाईत, दिवाळीनंतरच्या दुसऱ्या शाईत, मधेच एखादी सही घाईत केल्यासारखी वाकडी. दुपारी श्रावणीची वही हाताखाली आली. वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘तयार झालेल्या पदार्थास चुंबक आकर्षित करत नाही.’ वहीत ती पोरगी गाइडसारखीच नीट बोलत होती. तिचा पेन्सिलचा कागद मी दोनच दिवसांपूर्वी पाहिला होता. मी त्या वाक्याखाली बरोबरची खूण केली आणि सही ठोकली.

सोमवारी सकाळी बाईंनी ढिगातली वरची वही उघडली. पानं उलटत एका ठिकाणी थांबल्या. "नितीन, दोन ऑक्टोबरला शाळा उघडी होती का रे?"

घाईघाईत तारखा टाकताना मी सगळ्या वर्गाला गांधीजयंतीला प्रयोग करायला लावले होते. बाई वही घेऊन मुख्याध्यापकांकडे गेल्या. ते खो खो हसले आणि म्हणाले, "बाई, कोण बघतंय?" खरंच कुणी बघितलं नाही. तपासायला आलेल्यांनी चहा घेतला, वह्यांची कव्हरं छान आहेत म्हणाले आणि गेले. त्या संध्याकाळपासून टाकीपाशी एकही पोर थांबलं नाही. सह्या झाल्यावर कोण कशाला थांबेल? बाई दिवे मांडून अर्धा तास उभ्या होत्या. मी शिक्षकांच्या खोलीच्या खिडकीतून बघत होतो आणि खाली गेलो नाही.

जूनमध्ये मी कायम झालो आणि दहावीचं विज्ञान माझ्याकडे आलं. बाईंना पाचवी दिली. प्रकृतीला झेपेल म्हणून, असं कारण सांगितलं. उरलेली दोन वर्षं त्यांनी पाचवीला परिसर अभ्यास शिकवला. निरोप समारंभात शाल, श्रीफळ आणि माझं भाषण झालं. ‘प्रयोगशील शिक्षिका’ असे शब्द मी वापरले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आजही ते भाषण आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

निवृत्तीनंतर वर्षभराने मी कोलशेतला त्यांच्या घरी गेलो. बाई खंगल्या होत्या, पण बघताक्षणी ओळखलं. त्यांच्या वहिनींनी चहा ठेवला. मी ठरवून आलेलं बोलून टाकलं, "बाई, त्या सह्यांबद्दल मला माफ करा."

"सह्या कुणाच्या नावाच्या केल्या होत्यास? माझ्या?"

"नाही बाई. माझ्याच."

"मग माझ्याकडे का आलास?" आवाजात राग नव्हता, तेच जड गेलं. "पोरांनी डोळ्यांनी पाहिलेलं खोटं ठरवलंस तू. त्यांची माफी माग. माझं काय, मी पाचवीत बरी होते." मग वहिनींकडे वळून त्या त्यांच्या बोलीत म्हणाल्या, "याला चहा दे गो, लांबून आलाय." पुढे तासभर त्या भावाच्या गुडघ्यांबद्दल बोलत राहिल्या. मी पुन्हा तो विषय काढला नाही आणि पुन्हा तिकडे गेलोही नाही. मागच्या वर्षी त्या गेल्याचं व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर कळलं. मी हात जोडलेलं चित्र टाकलं.

त्या वर्षीची पोरं डोंबिवलीत भेटतात. परवा मानपाडा रोडला श्रावणी भेटली, कडेवर मूल होतं. भर रस्त्यात वाकून तिने नमस्कार केला आणि नवऱ्याला सांगितलं, "हे आमचे विज्ञानाचे सर. यांच्यामुळे प्रॅक्टिकलला पूर्ण मार्क पडले." तिचा नवराही वाकला. मी दोघांना आशीर्वाद दिला.