तापलेला टर्बो

पोलादपूरचा आमचा मेकॅनिक गाडीशी हळू बोलतो आणि माणसांवर ओरडतो. सायलेन्सरमध्ये बोट घालून काजळी बघतानाही कपाळावर आठी.

मी लातूरकडचा, सातवीतून शाळा सोडलेला ड्रायव्हर. कुडपणचा चढ चढून थांबलो, की मालकाच्या हुकुमानं डिझेल वाचवायला लगेच इंजिन बंद करायचो. शेवटी गाडी चढेना. मेकॅनिकनं व्हॉल्व्ह साफ केला, मग इंजिनात जोरानं हवा कोंबणाऱ्या टर्बोचा दांडा हलवून बघितला. तो झिजून खुळखुळत होता.

"ह्याला आजच गावी धाडतो," मालक माझ्याकडे बोट दाखवत म्हणाला.

"तापलेला टर्बो आधी इंजिन चालू ठेवून थंड होऊ द्यायचा असतो! आल्याआल्या बंद कर म्हणून माझ्या दारातसुद्धा तूच ओरडतोस ना रे? मग तू जा गावी!" मेकॅनिक त्याच्यावर ओरडला.

मी आभार मानायला गेलो, तर मेकॅनिक माझ्यावरच खेकसला, "आता तोंड उघडतोस होय? मघाशी मालकासमोर काय झालेलं?"