बॉल कुणाकडे?

आमच्या घरी वस्तू हातात द्यायची पद्धतच नव्हती. फेकायची. किल्ल्या, टॉवेल, मोसंबी, एकदा तर आंघोळीचा साबणसुद्धा. ताई शाळेच्या बास्केटबॉल टीमची कॅप्टन, आणि मी त्याच टीममधली धाकटी, निम्मा वेळ बाकावर. आई ओरडून थकली, पण ताईच्या हातून कधी काही पडलं नाही. ती पाठमोरी असली तरी नुसतं "ताई, घे!" म्हणायचं. ती वळून झेलायचीच.

ताई सांगलीतच राहिली. मी हिशेब तपासायच्या नोकरीसाठी सिंगापूरला आले आणि इथलीच झाले. फोनवर बोलायचं म्हणजे तब्येत, हवा आणि कोण गेलं, एवढंच उरलं होतं. मग आम्हाला युरोपातल्या देशांची बास्केटबॉल स्पर्धा सापडली. ताईला अमेरिकन खेळ बिलकुल पटायचा नाही. "तिथे एकटा उड्या मारतो आणि चौघं टाळ्या पिटतात. हे बघ, पास देतात पास!" लिथुआनिया तिचा लाडका. "आपल्या जिल्ह्याएवढी माणसं, आणि खेळतात बघ कसे."

मॅचेस आमच्या रात्रीच्या. जागरण कोण करणार? म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रेकॉर्डिंग बघायचं. ती तिच्या टॅबवर चहा घेत, मी इथे चोआ चू कांग भागातल्या फ्लॅटमध्ये कुकर लावून. मध्ये फोन चालू. "एक, दोन, तीन" म्हणून दोघींनी एकदम प्ले दाबायचं. नियम एकच: निकाल आधी बघायचा नाही, दुसरीला सांगायचा तर नाहीच नाही. टाइमआउट झाला की गप्पा. ताई तेवढी लबाड, दोनलाच बटण दाबायची. त्यामुळे तिचं "गेला गं बाई!" आधी ऐकू यायचं आणि बास्केट मला मागाहून दिसायची. मी चिडायचे. ती खदखदून हसायची.

गेल्या स्पर्धेत उलटंच झालं. मी ओरडायचे, आणि मग तिची आरोळी यायची. दर वेळी उशिरा.

"ताई, तुझं इंटरनेट कासव झालंय. दाजींना सांग, कंपनी बदला."

"बदलू की," ती म्हणाली.

त्याच महिन्यात लेकीची सहावीची मोठी परीक्षा होती. इथे ती परीक्षा म्हणजे घरात सुतक असल्यासारखं. टीव्ही बंद, पाहुणे बंद. एका संध्याकाळी लेक दार उघडून इथल्या इंग्रजीत म्हणाली, "आई, सो लाउड लाह! हाऊ टू स्टडी?" मला ओशाळल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवसापासून मी बेडरूमचं दार लावून, कानात इयरफोन घालून, तोंड मिटून बसायला लागले. बास्केट झाली तरी नुसती मूठ आवळायची.

"काय गं, झोपलीस का?" ताईने विचारलं.

"नाही गं, बघतेय. लेक अभ्यासाला बसलीय."

"बरं बरं. बॉल कुणाकडे?"

"अगं, समोर तर आहे. दिसत नाही का तुला?"

"चहा गाळत होते," ती म्हणाली.

मॅच ऐन रंगात आलेली असताना हिला चहा कसले सुचतात, असं वाटून मी मनात चरफडले. लिथुआनिया हरून घरी गेला तेव्हाही तिचा आवाज नाही. मला वाटलं, हिरमुसली. फायनल तर आम्ही दोघींनी मुकाट्यानेच बघितली. शेवटी मी हळू आवाजात म्हटलं, "काय मॅच झाली ना, ताई!" ती म्हणाली, "हो गं, झाली." मग तिने परीक्षेची चौकशी केली आणि फोन ठेवला.

डिसेंबरच्या सुट्टीत ताई आणि दाजी आमच्याकडे आले. विमानतळावर तिने दाजींचा दंड घट्ट धरला होता. माझ्याशी बोलताना ती माझ्या कानाकडे बघत होती. मला वाटलं, प्रवासाने दमली. घरी आल्यावर ती सोफ्यावर टेकली आणि मी स्वयंपाकघरातून, जन्माची सवय, संत्रं उचललं. "ताई, घे!"

तिचे हात वर आलेच नाहीत. संत्रं तिच्या छातीवर आपटलं आणि सोफ्याखाली गेलं.

मग ताईच हसत म्हणाली, "फाउल आहे हा."

दाजींनी मला बाल्कनीत नेऊन सांगितलं. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेला होता. कडेचं अंधूक दिसतं, त्यावर ती चालते-फिरते. समोरचा माणूस, अक्षर, बॉल, काही नाही. पावसाळ्याच्या आधीपासून.

"मग मॅच कशी बघायची ती?"

"मॅच कुठली! यंदा टॅब मी लावलाच नाही कधी. तुमचा फोन स्पीकरवर टाकून बसायची. तुम्ही ओरडलात की कळायचं तिला. मला सांगायची, बघा, लिथुआनियाची बास्केट पडली!" दाजींनी बाल्कनीचं दार ओढून घेतलं. "नंतर तुमचा आवाज बंद झाला. फायनलला दीड-दोन तास तशीच बसली होती हो, फोन मांडीवर घेऊन."

मला कुठे तोंड लपवू असं झालं. इंटरनेट कासव म्हणे! त्या दोन तासांत मी एकदा जरी मोठ्याने "गेला!" म्हटलं असतं, तर काय परीक्षा बुडणार होती?

मी आत जाऊन ताईवर भडकलेच. दुसरं काही येतच नाही मला. "सांगितलं का नाहीस गं?"

"सांगितलं असतं तर तू मॅच सोडून डॉक्टरांचं बोलत बसली असतीस. डॉक्टरांचं बोलायला तिथे सगळा गाव आहे. मॅचला तू एकटीच होतीस."

मी तिच्याजवळ बसले आणि कसंबसं म्हटलं, "चल, फायनल परत बघू. आता मी सगळं सांगते. तुला काय, जिंकलं कोण ते माहीतच आहे..."

"गप!" तिने माझा गुडघा दाबला. "मला नाही माहीत. सांगायचा नाही निकाल. यांनाही विचारू दिलं नाही मी कुणाला."

तीन महिने ती न विचारता थांबली होती.

मी लॅपटॉप उघडला. ताई ताठ बसली, मान किंचित तिरकी करून. "एक, दोन," ती म्हणाली, आणि मी दोनलाच बटण दाबलं. बॉल वर उडाला, दोन उंच पोरं त्याच्या मागे उडाली, आणि मी बॉल सोडून ताईकडेच बघत बसले.

"अगं बोल की," ताई म्हणाली. "बॉल कुणाकडे?"