वाहून गेलेला पूल

सभागृहात कुणी अर्थसंकल्पावर प्रश्न विचारला की मंत्री उत्तर देतात, असं लोकांना वाटतं. मंत्री नुसतं वाचतात. लिहायचा तो उत्तरमास्तर. बांधकाम खात्याच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत त्याचं निम्मं आयुष्य गेलं. आईबापानं ठेवलेलं नाव खात्यात फक्त पगाराच्या दिवशी निघायचं.

विचारणाऱ्याचं तोंड बंद व्हावं आणि आपल्या तोंडून काही निघू नये, ही त्याची विद्या. घरीही तीच खोड. बायकोनं विचारलं, गिरणीतून पीठ आणलं का, तर हा म्हणायचा, कार्यवाही सुरू आहे. ती बिचारी शेजारणीच्या दारात उभी राहायची.

खात्याचा एक दंडक होता. गेल्या साली सभागृहात जे सांगितलं, त्याच्या एक पायरी वर यंदा चढायचं. ‘विचाराधीन’वरून ‘मंजूर’, तिथून ‘प्रगतिपथावर’, मग ‘अंतिम टप्प्यात’. खाली उतरायची सोय नव्हती. उतरलं की मंत्री खोटे ठरायचे. म्हणून काम जागचं हललं नाही तरी उत्तर हलायचंच.

मास्तराच्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या गावचा पूल असाच वर चढत गेला. ओढ्यावर होते ते शेवाळलेले दोन ओंडके. त्यांवरून घसरल्यापासून दाजी एक पाय ओढत चालत होते. पुलाची तरतूद दरसाल व्हायची आणि साल सरता सरता दुसऱ्याच कुणाच्या दारात जायची.

यंदा विरोधी बाकावरच्या एका चिवट बाईंनी विचारलं, पूल कुठवर आला? गेल्या सालचं उत्तर ‘अंतिम टप्प्यात’. खात्यातले वरचे साहेब म्हणाले, लिहा ‘पूर्ण’, मिटवा भानगड. एकदा पूर्ण लिहिलं की पूल अर्थसंकल्पातून कायमचा उठणार. मग ब्रह्मदेव आला तरी तिथं दगड पडायचा नाही. उतरावं तर नोकरीवर गदा, चढावं तर आक्काच्या नशिबी जन्मभर ओंडके.

मास्तरानं डोकं खाजवलं आणि लिहिलं: ‘पूल पूर्ण झाला होता. गेल्या पुरात तो वाहून गेला. पुनर्बांधणी विचाराधीन आहे.’

मंत्र्यांनी ते घोगऱ्या आवाजात वाचलं, जणू घरचंच कुणी गेलं. पण बाई खाली बसेनात. नवाकोरा पूल वाहून जातोच कसा? चौकशी समिती नेमली गेली. टिपणं घ्यायला साहेबांनी मास्तरालाच धाडलं.

समितीच्या जीपा ओढ्याच्या अलीकडं थांबल्या. पलीकडं जायला पूल नव्हता. सभासदांनी अवशेष शोधले. वीट नाही, खडी नाही. अध्यक्षांच्या कपाळावर आठ्या चढल्या. साक्षीला गावातलं कुणी बोलवा म्हणाले, तर नेमकी आक्काच ओंडक्यांवरून तोल सावरत आली. ती खरं बोलली तर पूलही जाणार आणि भाऊही.

अध्यक्षांनी विचारलं, पूल वाहून गेला हे खरं का?

आक्कानं भावाच्या पांढऱ्या पडलेल्या तोंडाकडं एकदा पाहिलं. “मला म्हातारीला कमी दिसतं, साहेब,” ती म्हणाली. “पण आत्ता इथं पूल नाही, एवढं दिसतंय.”

अध्यक्ष खूश झाले. प्रत्यक्षदर्शीनं दुजोरा दिला, असं त्यांनी मास्तराला टिपायला सांगितलं. एकही दगड मागं उरला नाही, त्या अर्थी पूर महाभयंकर होता; सबब नवा पूल थोरला बांधावा.

काम उरकल्यावर आक्का भावाला घरी न्यायला निघाली. ओंडक्यांवर ती पुढं, तिचा हात धरून तो मागं. पलीकडच्या काठावर दाजी वाट बघत उभे होते. मध्यावर ती थांबली.

“पहिला गेला त्याचं दुःख नाही रे. दुसरा वाहून जायच्या आधी एकदा दाखव. कधी होईल?”

“विचाराधीन आहे,” मास्तर सवयीनं बोलून गेला.

आक्कानं हात सोडला.

पाणी कमरेएवढंच, पण ओढ चांगली होती. मास्तर बूड आपटत वळणापर्यंत गेला. अलीकडं जीपा माघारी वळत होत्या. दाजींनी दोन्ही हात हलवून त्यांना थांबवलं.

“अध्यक्षसाहेब, जरा थांबा,” ते ओरडले. “खात्याचं आणखी एक चाललंय वाहून. हे तरी डोळ्यांनी बघून जा.”