दारातली दही-साखर

त्या दुष्काळात आमच्या घरी पाणी टँकरचं आणि साखर मात्र डबाभर. सासरे सहकारी साखर कारखान्याचे सभासद; रानातला ऊस जळाला तरी सभासदांची साखर घरपोच आली होती. मी दुसऱ्यांदा गरोदर होते. पहिला मुलगा इतका गुटगुटीत जन्मला की बायका त्याची दृष्ट काढत होत्या, आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. कशानं, ते कुणालाच सांगता आलं नाही. या खेपेला कारण कळल्याशिवाय मी गप्प बसणार नव्हते.

बीडच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला उपाशीपोटी बोलावलं. मी चहासुद्धा घेतला नाही. निघताना सासूबाईंनी हातावर दही-साखर ठेवली. चांगल्या कामाला निघालेल्या माणसाला कोरडं कसं सोडायचं? मीही ती चाटूनपुसून खाल्ली आणि वडवणीहून एसटीत बसले. शकुनाला कुणी खाणं म्हणतं का?

साखर वाढलेली निघाली. दही-साखरेचं ऐकून बाई हसल्या आणि दुसरी तपासणी लिहून दिली, मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी. घरी सासूबाईंना हायसं वाटलं. "माज्याच दह्यानं वाढली असंल. कशापायी परत जातीस?" मलाही ते खरं असावं असं फार वाटत होतं. पण मनाची समजूत घालून मूल जगत नाही. मी गेले, आणि त्यांनाही सोबत नेलं.

"गरोदरपणात नवं रक्त तयार होत असतं, म्हणून ही सरासरी एरवीपेक्षा कमीच येते," बाई म्हणाल्या. "तुमची जास्त आलीय. एका चमच्यानं एवढं होत नाही." मग त्यांनी पहिल्या बाळाचं वजन विचारलं. आईची साखर बाळाकडे जाते, बाळ फुगतं आणि जन्मल्यावर त्याची साखर एकदम उतरते. तसंच झालं असावं, असं त्यांनी समजावलं.

सासूबाईंनी माझा हात धरला. "आन् आमी त्येला बाळसं म्हणत होतो," त्या म्हणाल्या.

मग मी इन्सुलिनची सुई स्वतःच टोचायला शिकले. साखरेचा डबा सासूबाईंनी स्वतः माळ्यावर टाकला.

मुलगी झाली. बघायला आलेली शेजारीण म्हणाली, "लई बारीक हाय की."

"बारीक का असंना," सासूबाई म्हणाल्या, "हाय."