कातड्यात शिवलेली गोळी

धातूचं काहीही अंगावर चालणार नाही, असं यांनी जाहीर केलं तेव्हा मी गळ्यातल्या मंगळसूत्रावर हात ठेवला. म्हटलं, "आधी तुमच्या छातीतला स्टेंट काढून ठेवा, मग मी हे काढते." आमचे हे बराच वेळ बकऱ्याचं कातडं दगडाने घासत बसले. शेवटी तोडगा निघाला, की दोघांकडे एकेक धातू राहील आणि बाकी काही नाही. चष्मा नाही, मोबाइल नाही, पाण्याची बाटली नाही. छातीच्या गोळ्याही नाहीत, हे ते जाता जाता सांगितल्यासारखं बोलले.

यांची सगळी नोकरी कारखान्यात फिटर म्हणून गेली. लोखंडाशिवाय दुसऱ्या कशाला हात लावला नाही. निवृत्त होऊन वर्ष होतंय तोच छातीत कळ आली, मुंबईला हलवावं लागलं, स्टेंट बसला. घरी आल्यावर डॉक्टरांच्या सांगण्यावरून ते रोज सकाळी चौलहून खाडीच्या बाजूला चालायला जाऊ लागले. एका सकाळी तिथून एक गारगोटी घेऊन आले, दुसऱ्या दगडाने तिची कपची उडवली आणि त्या कपचीने पपई चिरून दाखवली. पपई सुरेख चिरली गेली, आणि आमच्या घरात अश्मयुग शिरलं.

मग परसात दिवसभर ठकठक. मोबाइलवर परदेशी माणसांचे व्हिडिओ बघायचे, माणसं हरणाची कातडी कमावतायत, दगडी कुऱ्हाडीने झाड पाडतायत. आपल्याकडे हरीण कुठलं मिळायला? मटणवाल्याकडून बकऱ्याची कातडी आली. पेणकडे मिठागर असलेल्या नातेवाइकांनी मिठाची गोण पाठवली. कातडी मिठात मुरली, धुरावर टांगली, आणि शेजारणीने आमच्या बाजूची खिडकी लावून घेतली ती घेतलीच. मी म्हटलं, कोकणातला आदिमानव असली कातडी अंगावर घेऊन कशाला घामाघूम होत असेल, उघडाच हिंडत असेल. तर म्हणाले, डोंगरावर वारा असतो.

डोंगर! मला तेव्हाच कळायला हवं होतं. पायऱ्या आणि देऊळ असलेला डोंगर यांना नको होता, कारण आदिमानवाला पायऱ्या कोण बांधून देणार. त्याच्या मागचा, गुरांच्या वाटेचा डोंगर हवा होता. सगळा जुना सरंजाम अंगावर घेऊन वर जायचं आणि खालून नेलेल्या निखाऱ्यावर माथ्यावर आग पेटवायची, असा बेत ठरला. पुण्याच्या मुलीला फोन केला. ती आधी हसली, मग रडली, आणि शेवटी म्हणाली की बाबा ऐकणार नाहीत, निदान तू त्यांना एकटं सोडू नकोस.

सोडणार होते कोण? ऑपरेशननंतर मी यांच्या मागेमागेच असायचे. न्हाणीघराची कडी लावू द्यायची नाही, बादली उचलू द्यायची नाही, दुपारी झोपले तरी पोट वरखाली होतंय ना ते बघायचं. त्यांना याचा राग यायचा. मला कळत होतं, पण थांबता येत नव्हतं. ज्याने ती कळ जवळून बघितली आहे त्यालाच ते समजेल.

गोळीचा उपाय मी माझ्या पद्धतीने केला. मी घरी ब्लाउज शिवते. माझी शिवण उसवत नाही, असा गावभर लौकिक आहे. कापड फाटेल, पण शिवण जाग्यावर राहील. यांच्या कातड्यांची शिवणही अर्थातच माझ्याकडे आली. दोरा केळीच्या खांबाच्या सोपातून काढलेला, आणि भोकं पाडायला मटणाच्या नळीचं हाड घासून केलेली आरी. केळीचा दोरा ओला असताना मऊ असतो, वाळला की आवळत जातो. माझ्या कातड्याला मी गळ्याशी दुहेरी पट्टी लावली, आणि हे बाहेर गेलेले असताना जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची अर्धी पट्टी कापून तिच्यात सरकवली. वरून बारीक, जवळजवळ टाके घातले. खिसा केला असता तर त्यांना दिसला असता. काम इतकं सफाईदार झालं की मलाच आतून बरं वाटलं.

निघालो त्या दिवशी थंडी होती. यांच्या खांद्यावर कातडं, कमरेला सुंभाची दोरी, तिच्यात गारगोटीचं पातं खोचलेलं, पायात गवत भरलेली कातडी पायताणं. पाठीला वाळल्या भोपळ्याचा पाण्याचा तुंबा आणि हातात नारळाचं सोडण, म्हणजे वरची काथ्याची साल, त्यात धुमसता निखारा. मी जुनं पांढरं सुती कापड नऊवारीसारखं नेसले आणि वरून कातडं घेतलं. सूत फार नंतरचं, अशी कुरकुर झाली. मी म्हटलं, मग एकटे जा. तो विषय तिथेच संपला. घरापासून पायी जायचा नियम होता, त्यामुळे गल्लीतली सगळी कुत्री वासाने आमच्या मागे लागली. तिठ्यावर पाटी घेऊन बसलेल्या कोळणीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "वयनी, कंच्या नाटकान काम हाय तुमचा?" एरवी मी हसले असते. त्या दिवशी माझं लक्ष यांच्या श्वासाकडे होतं.

चढाला लागल्यावर कुत्री मागे राहिली. मी मुद्दाम यांच्या मागून चालत होते. वाळलेल्या गवतावर ती पायताणं नुसती सटकत होती. चष्मा नसल्याने वाट कुठे वळते ते दिसत नव्हतं, मी मागून डावीकडे, उजवीकडे असं सांगत होते. त्यात तो निखारा. थोडं चाललं की थांबायचं आणि सोडणावर फुंकर मारायची, नाहीतर विझणार. चढायला श्वास पुरेना आणि जो आहे तो निखाऱ्याला. मी म्हटलं, द्या, मी फुंकते. नाही म्हणाले. ठिणगी उडाली तर अख्खा डोंगर पेटेल, हीही धास्ती होतीच. मी मधूनमधून गळ्याशी बोट लावून पट्टी जाग्यावर आहे ना ते चाचपत होते. ती जाग्यावर होती. माझीच शिवण ती, जाते कुठे!

डोंगराच्या सोंडेवर आलो. माथा हाकेच्या अंतरावर होता. मागे रेवदंड्याची खाडी आणि समुद्र, त्यावर होड्या. हे थांबले आणि म्हणाले, "बसतो जरा."

स्वतःहून बसणारा हा माणूस नव्हे. मी पुढे जाऊन बघितलं तर चेहरा राखेसारखा झालेला, कपाळावर घाम, आणि हात छातीवर. कुठे दुखतंय विचारलं तर म्हणाले, तिथेच. सोडण हातातून सुटून गवतात पडलं आणि धूर निघू लागला. मी तुंब्यातलं सगळं पाणी त्यावर ओतलं, पायाने दाबलं, आणि गळ्याची पट्टी दोन्ही हातांनी ओढली.

उसवेना. दोरा वाळून तारेसारखा झाला होता. नखं लावली, एक नख मोडलं. कातडं अंगावरून काढून दातात धरलं, खारट धुराची चव आली, टाका ढिम्म हलेना. कातड्याखाली गोळ्या बोटांना लागत होत्या, एकेक वेगळी कळत होती, आणि मी इतकी वर्षं ज्या शिवणीच्या जिवावर मिरवले ती मला त्यांच्यापर्यंत पोचू देत नव्हती. मी मोठ्याने रडत होते. त्या डोंगरावर ऐकायला कोणी नव्हतं. खाली गाव दिसत होतं, पण हाक पोचणार नव्हती आणि फोन घरी चार्जिंगला लावलेला होता.

यांनी डोळे मिटलेले होते. तसंच चाचपत त्यांनी कमरेचं पातं काढलं आणि माझ्यापुढे धरलं.

"गळ्याच्या पट्टीतच आहेत ना?" ते म्हणाले. "हळू काप. बोट जाईल."

मी ते पातं घेतलं. ज्या दगडाला मी महिनोन् महिने नावं ठेवली त्याने टाके आणि कातडं एका ओढीत कापलं. गोळी काढली, यांच्या जिभेखाली ठेवली आणि त्यांचं डोकं माझ्या मांडीवर घेतलं. मग वाट बघण्याखेरीज करण्यासारखं काही नव्हतं. मी त्यांचं पोट वरखाली होतंय ना ते बघत राहिले. या वेळी त्यांनी त्याला हरकत घेतली नाही.

हळूहळू चेहऱ्यावर रंग आला. कळ उतरली, असं ते म्हणाले, आणि तेव्हा मला राग आला. इतका राग मला यांचा कधीच आला नव्हता. गोळ्या कधी कळल्या म्हणून विचारलं. म्हणाले, घरातून निघतानाच. मी मान वळवली की गळ्याशी चुरचुर वाजायचं, आणि मशीनमध्ये काय वाजतंय ते ओळखण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती.

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुला त्या काढायला लावाव्या लागल्या असत्या."

"म्हणजे नियम तुमचे, आणि मोडायचे मी."

त्यांनी मान हलवली. मग समुद्राकडे बघत म्हणाले, "मला भीती वाटत होती. रोजच वाटते." ऑपरेशनपासून इतके दिवस हा शब्द त्यांच्या तोंडून आला नव्हता. ती भीती मी एकटीच वाहतेय असं मला वाटायचं.

माथ्यावर गेलो नाही. सावलीत बसत, थांबत, माझ्या खांद्यावर हात टाकून ते खाली आले. रस्त्यावर पहिली रिक्षा आमच्याकडे बघून पुढे निघून गेली, दुसरी थांबली. अलिबागला दवाखान्यात नर्सने यांचं कातडं दोन बोटांत धरून कोपऱ्यात ठेवलं. स्टेंट ठीक होता. ताण सोसला नव्हता, औषधं बदलली आणि चढायची बंदी झाली. डॉक्टरांनी सगळी बोलणी मलाच ऐकवली, यांना अवाक्षर नाही. मी ऐकून घेतली.

कातडी परसात खुंटीला टांगली. माझ्या गळ्याची कापलेली पट्टी तशीच लोंबत होती, मी ती शिवायला घेतली नाही. एका दुपारी उठून बघते तर हे चष्मा लावून ओट्यावर बसलेले. मांडीवर स्वतःचं कातडं, बाजूला वाटीत भिजवलेला केळीचा दोरा, हातात हाडाची आरी. छातीशी, बाहेरच्या बाजूला, सगळ्यांना दिसेल असा खिसा लावत होते. गोळ्यांची पट्टी शेजारी ठेवलेली. टाके लांब लांब, वाकडे, एका ओढीत सुटतील असे. मला राहवेना. म्हटलं, अशी शिवण कोणी घालतं का?

"उसवली पाहिजे ना लगेच," ते म्हणाले.

मी आरी त्यांच्या हातातून घेतली नाही. शेजारी बसले आणि दोरा ओला करून देत राहिले.